आईचं रिडायल

ब्रह्मपुरीला आमच्या घरी फोन होता, तरी बाबा गॅसचं सिलिंडर सांगायला चौकातल्या एसटीडीवर जायचे. काऊन, ते ऐका.

आईला आकडे वाचता येत नव्हते. बल्लारपूरला नोकरीवर निघताना मी माझ्या मोबाईलचा नंबर एकदा लावून तिला रिडायलचं बटण दाखवलं. "हे दाबलं का मीच." तेव्हापासून तिनं दुसऱ्या कोणाला फोन लावू दिला नाही. "पोराचा नंबर पुसून जाईन!"

आई गेली. वर्षभरानं घरी गेलो, तर बाबा चप्पल घालून एसटीडीवर निघालेले.

"बाबा, आता तरी घरूनच लावा न!"

बाबांनी रिसीव्हर उचलून रिडायल दाबलं. माझा खिसा वाजला.

"पाह्य," बाबा म्हणाले, "तिनं लावलेला अजून तुलेच लागते."