जिवंत माणसाचा रंग

मित्सुयो : हसू नका वहिनी. थडग्यासमोर कुणी हसतं का?

हात्सुए : वन्सं, थडगं माझंच आहे. मी मेलेय आणि तुमचे दादा जिवंत आहेत. बघा की! शिगेहिको कुरामोची, लालभडक. शेजारी मी, कोरडी ठणठणीत.

मित्सुयो : तोकुजी, अरे नवरा-बायकोची नावं एकाच दगडावर कोरायची, आणि मागे राहिलेल्याच्या नावात लाल रंग भरायचा. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं हे! पाथरवट ना तू?

तोकुजी : तिसऱ्या पिढीचा, ताई.

मित्सुयो : मग दादाला लाल कसा फासलास?

तोकुजी : पेपरात वाचलं होतं. कुरामोची सरांनी केलेल्या फ्रेंच कवितांच्या अनुवादाचं नवीन पुस्तक येतंय म्हणून. म्हटलं, पुस्तकं काढतायत म्हणजे माणूस हयात असणार.

हात्सुए : तर्कात काही खोट नाही.

मित्सुयो : दादाला जाऊन सहा वर्षं झाली!

तोकुजी : पण त्यानंतर पुस्तकं जास्तच यायला लागलीत, ताई. असताना एवढा वेग नव्हता सरांना.

हात्सुए : तेव्हा स्वयंपाक दोघांचा असायचा.

मित्सुयो : वहिनी!

हात्सुए : काय म्हणाले मी?

मित्सुयो : दादाच्या कपाटात सापडलेले अनुवाद आहेत ते, तोकुजी. प्रकाशकांना मीच तसं कळवते.

हात्सुए : हो. कपाट मोठं आहे.

तोकुजी : बाजूला मृत्यूची तारीख कोरायला सांगितलीत, ती मला बाईंची वाटली. बाई, तुमच्या नावासमोर हात जोडूनच छिन्नी धरली होती मी.

हात्सुए : माझं कुणी एवढ्या मनापासून काही छापलं नव्हतं बाबा.

मित्सुयो : असं काय बोलता? तुमचे स्वतःचे कवितासंग्रह निघालेत की.

हात्सुए : निघाले ना. समीक्षक म्हणाले, ‘बाईंच्या भाषेवर पतीच्या अनुवादांचा दाट प्रभाव जाणवतो.’

तोकुजी : मग सरांना बरं वाटलं असेल.

हात्सुए : फार. त्यांनी कात्रण फ्रेम करून लावलं.

मित्सुयो : अनुवादाचं बक्षीस मिळालं तेव्हा दादाने भर सभेत तुमचे आभार मानले होते, विसरलात?

हात्सुए : चहाबद्दल मानले होते.

मित्सुयो : तोकुजी, थिनर काढ. भटजी पायऱ्या चढत असतील. सहा वर्षं घरी जपलेल्या अस्थी थडग्यात ठेवायला सगळे पाहुणे येणार आणि दगडावर दादा जिवंत! दादाचा लाल पुसून टाक, वहिनींचा भर.

तोकुजी : आधी बाईंचं भरतो. जिवंत माणसाला ताटकळत ठेवू नये.

हात्सुए : वन्सं, नवं पुस्तक तेवढं माझ्या नावावर येऊ द्या. शेवटचंच आहे. डोळे आता साथ देत नाहीत.

मित्सुयो : पुन्हा तेच. हे तुमचं म्हटलं, की आधीची कुणाची असं विचारतील लोक.

हात्सुए : विचारतील.

मित्सुयो : बक्षीस, कॉलेजातला त्याचा पुतळा, सगळंच जाईल. माझा एकुलता एक भाऊ हो. आईबाप गेल्यावर त्यानेच वाढवलं मला.

हात्सुए : माणूस चांगलाच होता. मी कुठे नाही म्हणतेय? फ्रेंच येत नव्हतं, एवढंच.

तोकुजी : सरांना?

हात्सुए : वन्सं, पॅरिसचं सांगा की त्याला. तुम्हीच सांगायचात ना दर नव्या वर्षाला.

मित्सुयो : मी नाही सांगत.

हात्सुए : हॉटेलात यांनी कॉफी मागवली. वेटरने सूप आणून ठेवलं.

तोकुजी : मग?

मित्सुयो : ...प्यायला. वर मला म्हणतो, मित्सुयो, इथली कॉफी जरा दाट असते.

(तोकुजी हात्सुएच्या नावात लाल रंग भरतो.)

तोकुजी : झालं बाई, तुमचं नाव लाल. आता सरांचं पुसतो. ताई, नावाखाली एक शब्द आहे, ‘अनुवादक’. तोही लालच भरलाय. पुसू?

हात्सुए : नाव पूस. तो राहू दे.

तोकुजी : पण लाल म्हणजे जिवंत माणूस, बाई.

हात्सुए : हो.

तोकुजी : म्हणजे नाव मेलेल्याचं आणि खालचा हुद्दा जिवंत? माझ्या बापाने असं केलेलं नाही कधी.

हात्सुए : तुझ्या बापाला असं गिऱ्हाईक भेटलं नसेल.

तोकुजी : ताई, काम तुम्ही दिलंय. तुम्ही म्हणाल तसं. भटजी वळणावर आलेसुद्धा.

मित्सुयो : पाहुण्यांत कुणी विचारलं तर?

तोकुजी : पाथरवटाची चूक म्हणून सांगा. मला सवय आहे.

मित्सुयो : तुझी काही चूक नाही. नाव पूस.

तोकुजी : आणि खालचं?

मित्सुयो : ऐकू येत नाही का रे? नाव पूस म्हटलं. तेवढंच.

हात्सुए : वन्सं...

मित्सुयो : किमोनोचा पट्टा नीट करा आधी. लोक येतायत.

हात्सुए : आणि पुस्तकावर?

मित्सुयो : दगडावरचा लाल तरी आधी वाळू द्या, वहिनी.