हंगेरीचे पाहुणे

नांदेडच्या गाडीला उशीर होता. भोकरच्या स्टँडवर बसलेल्या सुकन्याबाई पेपर तपासत होत्या, पण मागच्या बाकावर सरपंच भुजंगराव आणि त्यांचे साडू वैजनाथराव बोलू लागले आणि बाईंचा लाल पेन थांबला.

"सरपंच, हंगेरीचे पाहुणे येणार होते म्हणं तुमच्या गावात?"

"हाव. दोन गावांच्या मैत्रीचा करार होता. जगात नाव व्हावं म्हणून त्यांचं सरकार अशी गावं जोडायलंय."

"मंग?"

"कमान बांधली. लेझीम बसवलं. पोरींकडून त्यांचं राष्ट्रगीत पाठ करून घेतलं."

"लईच केलं की!"

"पण रस्ता पलीकडच्या गावातून येतो ना."

"पुलाच्या भांडणापासून तुमचं बोलणं बंद हाय, तेच गाव?"

"तेच."

"गाडी अडवली का त्यांनी?"

"अडवली असती तर पोलिसात तरी गेलो असतो. त्यांनी चहाला बोलावलं! तिथल्या तुळजाबाईनं चुलीवरचे धपाटे वाढले. पाहुणी बाई तिथंच बसून धपाटे थापायला शिकली."

"अन् करार?"

"त्याच गावाशी झाला. आम्ही संध्याकाळपर्यंत कमानीखाली उभे."

"असल्या गावाचं तोंड बघू नये."

"तसं न्हाई. परवा त्यांचा सरपंच घरी आला. म्हणाला, हंगेरीचं बोलावणं दोघांना हाय, सोबत चला."

"अन् पुलाचं भांडण?"

"कसलं भांडण? पासपोर्टासाठीच नांदेडला निघालोय. हळू बोला, ते बघा, त्यांचे सरपंच चहा घेऊन यायलेत."