काचेखालची माती

—अगं, सही कुठे पळून जातेय? आधी चहा घे, मग सावकाश कर. कागद राहू दे तिथेच, फक्त वर काहीतरी ठेव, इथला वारा फटीतूनसुद्धा आत येतो आणि उचलून नेतो. हां, ती झारी ठेव, रिकामीच आहे. तू फोनवर म्हणालीस ना — काकू, आई तर गेली, आता तिच्या वाट्याची बाग तुम्हीच घ्या — मला खरंच वाटेना बघ. शेजारच्या शिंपीणबाईंना दोनदा सांगितलं मी. म्हटलं, धाकट्या जावेची लेक, खालच्या मोठ्या शहरात राहते, तिला काय पडलंय या दगडधोंड्यांचं, पण नाही, पोरगी आपणहून देतेय. आणि तेवढ्यासाठी दोन गाड्या बदलून वर आलीस. दम लागला ना? लागणारच. खालच्या माणसाला इथे पहिले दोन दिवस चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. डोकं ठणकतंय? मग पाणी पी, पीत राहा. इथली हवा माणसातलं पाणी शोषून घेते, झाडांची तर गोष्टच सोड.

काय म्हणालीस? शेवटच्या दिवशी आई काय बोलली? — सांगते, सांगते, ते सांगायलाच तर बसलेय, पण त्याआधी जरा खिडकीतून बाहेर बघ ना. आता एवढं हिरवं दिसतंय, पण मी लग्न होऊन आले तेव्हा इथे काय होतं? खडक. नुसता खडक, आणि त्यावर बोटभर धूळ. सासूबाई म्हणाल्या होत्या, इथे गवत येत नाही, तू भाजी काय लावतेस? मी ओढ्याकाठून माती आणली — डोक्यावरून, टोपलीने, बत्तीस वर्षं. तुझे काका हसायचे. म्हणायचे, ही बाई एक दिवस अख्खा ओढा घरी घेऊन येणार. त्या मातीत शेण, पालापाचोळा, चहाचा चोथा, आपल्या सगळ्यांचे न्हाव्याकडचे केससुद्धा घातलेत, हसू नकोस, खरंच घातलेत. मग वाफ्यात मातीचे साधे माठ गळ्यापर्यंत पुरले. वरून पाणी शिंपडलं तर इथलं ऊन ते मुळाशी पोचूच देत नाही, पण माठ कसा, आतल्या आत पाझरतो, मूळ आपोआप त्याला जाऊन बिलगतं. झाडाभोवती काळे दगड मांडायचे, दिवसा तापतात आणि अंधार पडला की ऊब सोडतात. दुपारी कोवळ्या पानांवर फडकं धरायचं, संध्याकाळी त्याच पानांवर गोणपाट घालायचं. एकाच दिवसात भाजतंही आणि गोठतंही, असली ही जागा. डोळ्यांत तेल घालून राहावं लागतं. तुझ्या आईला हे कधी जमलं नाही. वाईट नाही हं म्हणत, बाई गुणाची होती, पण धांदरट.

आणि तो खड्डा. तो कोपऱ्यात, काचा चमकतायत तो. लहानपणी तू त्यात लपायचीस, आठवतं? पुरुषभर खोल, दारातून चार पायऱ्या उतरून जायचं, वर जुन्या खिडक्यांच्या काचा टाकल्यात. बाहेर पाणी गोठलं तरी आत टोमॅटो फुलतात. फक्त पेरणीच्या दिवसांत, आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला, की कडाका खालपर्यंत उतरतो, मग ऊन कलताना आत कोळशाची शेगडी ठेवायची. ते काम तुझ्या आईचं. आणि दिवस मावळायच्या आत, काचांमधून वर आलाय ना, त्या हवेच्या पाइपाला बाहेरून गोणपाटाचा बोळा लावायचा, म्हणजे ऊब आत कोंडून राहते. ते काम माझं. वाटण्या झाल्या तेव्हा खड्डा तिच्या वाट्याला गेला — कागदावर गं, कागदावर. खणला कोणी? मी. माझ्या हातांचे फोड तुझ्या आजोबांनी पाहिलेत. पण मी कधी एका शब्दाने बोलले नाही.

धोका? आहे ना. कोळसा पेटलेला आणि बोळा लावलेला, मग आत माणूस नको. गुपचूप झोप लागते, वास नाही, खोकला नाही, काही नाही. म्हणून तर मी नियम घालून दिला होता. आत दमट, गरम असतं, शाल घेऊन कोणी उतरत नाही. तर आत जाणाऱ्याने आपली शाल दाराबाहेरच्या खुंटीला लावायची. खुंटीवर शाल आहे म्हणजे आत माणूस आहे, बोळा लावायचा नाही. रिकामी खुंटी म्हणजे लाव खुशाल. इतकं सोपं. लहान मुलाला कळेल. त्या चौकशीच्या साहेबांनासुद्धा मी हेच सांगितलं, की साहेब, त्या संध्याकाळी खुंटीवर शाल नव्हती. मी बघितलं, नव्हती, म्हणून बोळा लावला. तुझी आई शाल लावायला विसरली. धांदरट, म्हटलं ना. त्यांनी लिहून घेतलं, मान हलवली, जाताना माझ्याकडून कोथिंबिरीची जुडीही घेऊन गेले.

हो, हो, ती काय बोलली ते. दुपारी जेवताना विषय निघाला. म्हणाली, मोठ्या बाई, माझे गुडघे गेले, छाती भरून येते, मी आता लेकीकडे खाली जाऊन राहणार. मी म्हटलं, जा बाई, जीव आहे तर सगळं आहे. मी काय अडवणार होते? जा म्हटलं. तर म्हणाली, जायच्या आधी माझी बाजू सपाट करून टाकते, पलीकडच्या ट्रकवाल्याला गाडी लावायला जागा हवीय, तो खडी आणून टाकणार आहे. खड्डा बुजवायचा. परवापासून काम सुरू. असं — भाताचा घास तोंडात घेऊन, असं सहज, जसं कोणी म्हणावं की उद्या पडदे धुवायला काढते. मी विचारलं, आणि माती? म्हणाली, माती काय, मातीच ती. चिमे, मातीच ती! माझ्या काळजात काय झालं, तुला नाही सांगता यायचं. तुझे काका गेले तेव्हाही इतकं हललं नव्हतं माझं, देव मला क्षमा करो. मी ताट तसंच सरकवलं आणि उठून गेले. पण भांडले नाही हं. कोणालाही विचार, आमचा आवाज भिंतीपलीकडे कधी गेला नाही.

आणि बघ ना, तरीही ऊन कलल्यावर ती शेगडी घेऊन खाली उतरली. शेवटची म्हणून. रोपं डब्यांतून काढून मोठ्या कुंड्यांत लावत बसली असणार, तिचं ते तीन पायांचं स्टूल घेऊन. एका अर्थी चांगलंच झालं — तसं नाही म्हणायचं मला. म्हणजे, आवडतं काम करता करता गेली. आणि सांगू? त्या दिवशीचा कडाका असा होता की अख्ख्या वस्तीत कोणाचं काही वाचलं नाही, शिंपीणबाईंच्या मिरच्या सकाळी काळ्याठिक्कर. आपल्या खड्ड्यातलं एक पान करपलं नाही. एकोणसाठ रोपं, एकोणसाठच्या एकोणसाठ जगली. मी सगळ्यात आधी तीच मोजली — म्हणजे तिला बाहेर काढल्यावर. नंतर. तू पुसून घे डोळे. रड, रड, पण कागद ओला नको करूस.

कर आता सही, तिथे खाली, तुझं पूर्ण नाव घाल. अगं थांब, बोलता बोलता विसरलेच असते, तुझ्या आईची शाल. तपकिरी, तूच पाठवलेली ना? जपून ठेवलीय मी कपाटात, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घातलाय. नवीच्या नवी आहे बघ. लोकर ती, कडाक्यात बाहेर राहिली की ताठ होते, धागा मोडतो, म्हणून तर त्या दिवशी ऊन उतरल्या उतरल्या खुंटीवरून काढून आत आणली, नीट घडी घालून—

काय?

पेन का बंद केलंस?

सकाळी गं. दुसऱ्या दिवशी सकाळी आणली, सगळे जमले होते तेव्हा. वय झालं माझं, संध्याकाळ काय, सकाळ काय. खुंटीवर नव्हतीच ती, खाली पडली होती, दगडामागे — तिथे मिळाली. सकाळी. असं बघू नकोस माझ्याकडे. अगदी आईसारखी बघतेस. त्या दाराला बाहेरून कडीच नाही, जा, जाऊन बघ, हवं तेव्हा उठून वर येता आलं असतं तिला. चार तर पायऱ्या. मी काय केलं? रोज करते तेच केलं. मला वाटलं, डोकं जरा जड होईल, घाबरेल, उद्या निघून जाईल लेकीकडे, पुन्हा खड्ड्याचं नाव घेणार नाही. एवढंच वाटलं. मी इथेच बसले होते, या खिडकीत. काचांतून शेगडीचा उजेड दिसत होता, लालसर, नंतर काचा घामेजल्या आणि तोही दिसेना. मी चहा टाकला. सवयीने दोन कप टाकला. मग त्यातला एक — एक ओतून दिला.

ओतून दिला, हो. गार झाला होता म्हणून.

तू कोणाला सांगणार आहेस? काय सांगशील? म्हाताऱ्या काकूने चहा ओतून दिला? लिहून झालंय सगळं, साहेबांची सही आहे त्यावर. आणि तुझी आई काही परत येणार नाहीये, पण ती माती, बत्तीस वर्षांची माती, तिने काय वाईट केलंय? तुला हवीय ती? तू काय करणार तिचं? ट्रकवाल्याला देशील? — घाल, घाल परत पाकिटात, घे तुझा कागद, मला नको, भीक नको मला. ऊठ. ऊठ म्हणते ना. शाल न्यायची तर ने, नाहीतर राहू दे. खालची गाडी अजून मिळेल तुला, चौकात उभी असते, मला आता कामं आहेत, ऊन कलायला लागलंय.

आणि तिकडून कुठे निघालीस? फाटक या बाजूला आहे. खड्ड्याकडे काही नाहीये बघायला — चिमे! वाफ्यातून नको, वाफ्यातून नको जाऊस, पाय काढ आधी! कालच पेरलंय मी तिथे!