झेरॉक्समधला धम्मरत्न

— नाई भाऊ, तो कागद आधी खाली ठेवा. ठेवा ना. चहा येऊन राह्यला, तवरोक सांगतो. तुमी जगदेवभाऊ, इंझोरीहून पोरीसाठी पोरगा पाहाले आले, बरोबर? तो पोरगा मीच, धम्मरत्न. असे काहून पाहता? मीच हाव. कागदावरच्या फोटोत केस हायेत, ते मान्य.

हे फळ्यावरचं दिसलं काय — सी प्रोग्रामिंग, सकाळच्याच बॅचले शिकवलं. हा चौकोन म्हंजे स्ट्रक्चर — नाव, वय, नोकरी, उंची, सारं एका डब्यात. आता डबा कोणाले द्याचा तर दोन रीती. अख्खा डबा द्या — तर त्याची झेरॉक्स जाते, मूळ घरीच. नाई तं नुसता पत्ता द्या — त्याले पॉइंटर म्हणते — अन् पत्त्यावरून हा असा बाण काढा, थेट मूळ माणसाच्या वयाले हात लावा. समजलं? पोट्ट्यायले नाई समजत. तुमी मान तरी हालवली.

अन् मले कवा समजलं? मावशीनं माह्या बायोडाट्याच्या चाळीस झेरॉक्सा वाटल्यावर. मी दर वाढदिवसाले कंप्युटरवर वय दुरुस्त करो, पुण्याची नोकरी सुटली तवा तेबी खोडलं — इमानदारीत — पण झेरॉक्सायले काय खबर? इथं मालेगावात मी चौतीसचा झालो, तुमच्या इंझोरीत अजून अठ्ठावीसचाच, कंपनीत. शेलूबाजारात मामानं पेनानं उंची दोन इंच वाढवली. एका गावी तं मावशीनं रागारागात 'जमलं' असं लिहून टाकलं — तिथले लोक मले लेकरं किती म्हून इचारते. मी दोन सांगतो. काय करू?

मंग अक्कल लढवली. झेरॉक्स बंद, नुसता पत्ता वाटला — या, मूळ पाहा. अन् त्याच महिन्यात क्लास इकडं हालवला. जुन्या जागी खेमाची पिठाची गिरणी आली. सहा घरचे लोक पत्त्यावर बरोबर पोचले भाऊ, पॉइंटरची काही चूक नाई — तिथं खेमा बसेल होता, पिठानं पांढराफटक. सहाव्या घरच्यायले पसंत पडला. त्याच्या लग्नात बुंदी म्याच वाढली. वाईट वाटलं, खोटं कायले बोलू, घरी येऊन रडलो. तवापासून पोट्ट्यायले सांगतो, पत्ता वाटला का जागा सोडू नका.

म्हून म्हणतो, कागद राहू द्या, माह्याकडं पाहा. टक्कल हाये, दोन बॅचा हायेत, सयपाक येते. सुकेशनीले — हेच नाव ना — तिले घेऊन या एक दिवस, तिनं मूळ पाहावं — काय म्हणता? तिनं हो म्हटलं? कवा? हा फोटो पाहून? उशीखाली ठेवते —

नोकरीच्या पहिल्या दिवशी काढला होता तो. लय हसून राह्यलो त्याच्यात.

उचला भाऊ तो कागद. घडी नका घालू, चेहऱ्यावरून जाईन. तिले नेऊन द्या, तिच्यापाशीच राहू द्या. तिथं तो फोटोतला बरा हाये, मी समोर आलो का जाईन तो. चहा? नको आता, तुमची जीप सुटन. जय भीम. दार लोटून घ्या.