अनिमेष आमच्या घरी जेवत होता, याबाबत पुरवणी जबाब

चिंचबाग पोलीस ठाणे, लातूर. दि. ६ मे २०१७.

नाव : अण्णाराव गुरुलिंग हालकुडे, वय ६८ वर्षे, धंदा : विद्यार्थ्यांच्या खोल्या व खानावळ, रा. क्लासेसच्या मागची गल्ली, लातूर. मूळ गाव भूकंपात गेले.

समक्ष ठाण्यात हजर राहून सांगतो की, मी पत्नी नीलाबाईसह वरील ठिकाणी राहतो. नांदेडच्या एका मास्तरांचा मुलगा अनिमेष, वय १८, दोन वर्षांपासून आमच्याकडे राहतो. गुरुवारी दुपारी त्याच्या क्लासमध्ये एका मुलाचा मोबाईल चोरीस गेला. अनिमेषचे बाकडे शेजारचे, एवढ्या भक्कम पुराव्यावर त्यास ठाण्यात आणले.

त्याच दिवशी मी जबाब दिला की, चोरीच्या वेळी तो आमच्या घरी जेवत होता. काल साहेबांनी बोलावून विचारले, "काय अप्पा, पोरगं स्वयंपाकघरातून पळालं का हो?" जबाबात असे छापले होते : "अनिमेष माझ्या घरी भाकरी व वरण जेवत होता. त्यास चोरीचा माल घेऊन पळताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले." वाढलेले ताट सोडून पोरगं पळेल कशाला, हा प्रश्न ठाण्यात कोणाला पडला नाही.

दुसरे वाक्य माझे नाही. ते किशनराव नावाच्या शेतकऱ्याचे असून विहिरीवरच्या मोटारीच्या चोरीबाबत आहे. किशनरावांना मी ओळखत नाही. त्यांची मोटार सापडावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

जबाब टाईप करणाऱ्या देविका मॅडमनी मला मशीन दाखवले. म्हणाल्या, "अप्पा, ह्या कॉम्प्युटरात विंडोज न्हाई, लिनक्स हाय. इथं कॉपी कर म्हणावंच लागत न्हाई. माऊसनं अक्षरं नुसती रंगवली की उचलली जातात, अन् मधलं चाक दाबलं की बाण असंल तिथं चिकटतात. त्यांचा जबाब रंगवलेला होता, तुमचा खाली सरकवताना चाक दाबलं गेलं." त्या रडवेल्या झाल्या होत्या. मी म्हणालो, "पोरी, तुझं काय न्हाई. मशीनलाच मदतीची लई हौस."

त्या जबाबाखाली "वाचून दाखवला" असेही होते. दाखवला नव्हता. ती ओळ सगळ्यांच्याच जबाबाला तयार चिकटते, असे समजले. चष्मा घरी होता व साहेबांना बंदोबस्ताची घाई होती, म्हणून मी सही केली.

भूकंपानंतर सरकारी कागदावर मी मयत होतो. जिवंत होण्यासाठी वर्षभर तहसीलात गेलो. त्याच कागदावर माझा मुलगा रविकिरण जिवंत होता. तो बारावीत होता. ती चूक दुरुस्त करायला मी गेलो नाही.

अनिमेषला अटक नाही, नुसते बसवले आहे, असे साहेब म्हणतात. गुरुवारपासून तो फार छान बसला आहे. उद्या त्याची मेडिकलची परीक्षा आहे. बसवायचेच तर तिथे बसवावे, ही विनंती.

हा जबाब देविका मॅडमनी मोठ्याने वाचला, साहेबांनी ऐकला, मी चष्मा लावून पुन्हा वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. छापून होईपर्यंत माऊस पत्नीच्या पिशवीत होता.

खालची ओळ मी पेनाने लिहीत आहे, ती कुठूनही चिकटलेली नाही :

अनिमेष जेवत होता. आजचे त्याचे ताट झाकून ठेवले आहे.