नामंजुरीचा चहा

सन्माननीय अध्यक्ष कुलगुरू महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत त्या आपल्या ताई, पहिल्या रांगेत अवघडून बसलेले ताईंचे यजमान, आणि प्रकल्प मंजूर झाला की ज्यांना फोटोत जागा नसते, पण नामंजूर झाला की ज्यांचं नाव सर्वांत आधी घेतलं जातं, त्या संशोधन कार्यालयातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी कर्मचारी संघटनेचा माणूस. माझ्या हाती माइक आला की मागणी येणार, या भीतीने आयोजकांनी मला ‘आज फक्त कृतज्ञता’ असं बजावलं आहे. शब्द पाळायचा प्रयत्न करतो.

ताई संशोधन कार्यालयात आल्या तेव्हा अनुदानाचा प्रस्ताव आपल्याकडे कसा तयार होत असे? प्राध्यापक शेवटच्या क्षणी कागद आणून आदळत. कार्यालय एक त्रुटी काढून ते परत पाठवी. ती दुरुस्त झाली की दुसरी काढी. दोघं एकमेकांच्या नावाने बोटं मोडत, आणि मुदत निघून जाई. याला आपण कामकाज म्हणत होतो.

ताईंनी तळमजल्यावरची मोडक्या खुर्च्यांची खोली मागून घेतली आणि दर शुक्रवारी प्रस्तावलेखनाचा वर्ग सुरू केला. प्राध्यापक आणि लिपिक एकाच बाकावर. नियम असा, की ज्याने प्रस्ताव लिहिला त्याने गप्प बसायचं आणि दुसऱ्या विभागातल्या माणसाने तो मोठ्याने वाचायचा. मित्रहो, मी अनेक क्रांत्यांचे इतिहास वाचले आहेत. पण प्राध्यापकाने गप्प बसावं, इतकी जहाल मागणी कोणत्याही क्रांतिकारकाने केल्याचं मला आढळलेलं नाही.

इतिहासाचे सर समोर बसले आहेत. सर, तो प्रसंग सांगू ना? मान हलली. मी होकार समजतो.

सरांचा प्रस्ताव होता जुन्या विहिरींवरच्या शिलालेखांचा. तो वाचायला आला हिशेब विभागातल्या भाऊंकडे. भाऊ काहीही वाचोत, हजेरी घेतल्यासारखंच वाटतं. उद्दिष्टं झाली, खर्चाचा तक्ता आला, आणि भाऊंनी त्याच सुरात वाचलं, “नमुने साठवण्यासाठी उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर, एक.” मग चष्मा वर सरकवून विचारलं, “सर, शिलालेख बाहेर ठेवले तर नासतात का?”

हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. सरांनी जीवशास्त्राच्या मंजूर प्रस्तावातला तक्ता जसाच्या तसा उतरवला होता. आणि त्यावर ‘तपासले’ असा शिक्का होता. तो मारणारे खुद्द भाऊच.

ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सरांना विचारलं, “हे काम झालं नाही, तर कुणाचं काय अडेल?”

सर कागद बाजूला ठेवून बोलू लागले. कोणत्या विहिरीवर कुणाचा हक्क, हे त्या दगडांवर कोरलेलं आहे. दगड झिजत चालले आहेत, आणि शेजारच्या दोन वस्त्या त्याच पाण्यावरून अजून भांडताहेत. ताई म्हणाल्या, “मग हे पहिल्या पानावर का नाही? आत्ता बोललात तसंच लिहा.”

तुम्हाला वाटेल, प्रस्ताव मंजूर झाला. नाही, तो नामंजूर झाला. त्या दिवशी ताईंनी सगळ्यांना चहा पाजला. ही त्यांची रीत. मंजुरीला चहा नाही, तेव्हा हार घालायला पुष्कळ लोक असतात, असं त्या म्हणत. नामंजुरीला मात्र चहा, आणि तो पिता पिता परीक्षकांचे शेरे मोठ्याने वाचायचे. पुन्हा या भानगडीत पडणार नाही, असं सर घरी सांगणार होते. कप खाली ठेवेपर्यंत त्यांचा दुसरा मसुदा सुरू झाला होता. तो मंजूर झाला. आज त्या प्रकल्पावर तरुण संशोधक काम करतात. त्यांच्या पगारबिलावर भाऊंची सही असते, आणि हल्ली भाऊ आधी वाचतात.

ताई, तुम्ही आम्हाला एकमेकांचं ऐकायला लावलंत. या ऋणातून आम्ही मोकळे होणार नाही, आणि होऊही इच्छित नाही.

आता आयोजकांनी मला माफ करावं. परवा परिपत्रक निघालं आहे. ताईंच्या निवृत्तीनंतर वर्ग बंद. त्याऐवजी प्रत्येकाने संगणकावर चित्रफिती पाहायच्या, आणि खोली पुन्हा खुर्च्यांना. मी विचारतो, कुणाचं काय अडेल, हे चित्रफीत विचारणार आहे का? तिच्यासमोर माणूस गप्प बसेल हो, पण त्याचं लिहिलेलं वाचणार कोण? आणि जे नुकतेच नोकरीला लागले, त्यांनी पहिल्या नामंजुरीनंतर कुणाच्या दाराशी जायचं?

हे सांगायला मी ताईंकडे गेलो होतो. वाटलं, भडकतील. त्या शांतपणे म्हणाल्या, “माझ्यासाठी भांडू नका. मी नसताना वर्ग चालला, तरच मी काही शिकवलं म्हणायचं.”

भाऊ आणि इतिहासाचे सर मिळून वर्ग घ्यायला तयार आहेत. त्यांना मानधन नको. खोली आणि शुक्रवारची दुपार तेवढी हवी.

ताईंचे आभार. वर्षानुवर्षं शुक्रवारी थंडगार झालेलं जेवण एकट्याने गरम करणाऱ्या त्यांच्या यजमानांचेही आभार. माझं बोलणं कुणाला टोचलं असेल, औचित्य सुटलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

अध्यक्ष महोदय, माझ्यानंतर आपण बोलणार आहात. ताई समोर आहेत, सभागृह भरलेलं आहे. शुक्रवारचा वर्ग त्याच खोलीत चालू राहील, हे आपल्या पहिल्याच वाक्यात जाहीर करा. मी माइक सोडतो.