कुटं ठेवलं

न्हाई, तितंच बसा, व्याही — उंबरा वलांडायचा न्हाई. साल नव्याण्णव, कार्तिक, तुळशीचं लगीन व्हऊन तिसरा दिवस, तुमच्या राजुरीत कांद्याची लागण चाललेली. बरोबर ना? मान हलवू नका, मला पाठ हाय. माझ्या इंद्रायणीला आठवा महिना, आन ती वाफ्यात वाकून रोपं लावत व्हती — का? मजूर मिळंना म्हणून. मी दोनदा माहेरी न्यायला आलो, दोनदा तुमी म्हणलात, लागण उरकू द्या. उरकली लागण.

आता नातू बघायचाय. दोन महिन्यांचा झाला, अजून तोंड दिसलं न्हाई, म्हणून जीव तुटतोय — तुटू द्या. तुमचा सोपान कुंची आन चांदीचे वाळे घेऊन आला, पिशवीसकट परत धाडला. माझा जावई हाय म्हणून दारात पाणी दिलं, एवढंच. बारशाला तुमची लेक आली, आत्या म्हणून मिरवायला — तिला फाट्यावरनंच माघारी लावली. बाळाच्या कानात नाव शेजारच्या सारजाबाईनं सांगितलं. काय सांगितलं? ते तुमाला कळणार न्हाई. सोपानला मी बोललो, ज्यानं पहिलं पुरलं त्यानं यावं. आलात. लई उपकार.

पाणी? मिळंल. आधी ऐका. तुमी ते पहिलं बाळ फडक्यात गुंडाळून नेलंत, तोंडावरनं फडकं वढून, तिच्या डोळ्यांम्होरनं. मेलेलं का असंना, तिचं व्हतं. लेक व्हती का ल्योक, तेबी सांगितलं न्हाई. कुटं ठेवलं, कुटं ठेवलं करत राहिली, तर तुमी काय म्हणलात? — खुरपं घे हातात, इसरशील. घेतलं तिनं खुरपं. बांधाबांधानं उकरत हिंडाया लागली, तवा झपाटली म्हणून देवऋष्याकडं नेलीत, मिरच्यांची धुरी दिलीत. कसली बाधा! बाधा तर घरातच जेवत व्हती, मिशीला ताक लावून. — हसतोय का म्हणता? हसतो. अडीच वरसांनी हसतोय.

आता हे बाळ झालं. मांडीवर दूध पितंय, आन ती माझ्याकडं बघून इचारती — आबा, ह्याला कुटं ठेवलं? अगं मांडीवर हाय, पोरी! तरी इचारती. टोपडं घालाया गेलं का किंचाळती, तोंड झाकू नका म्हणती. दर सोमवारी घोडेगावला डॉक्टरीणबाईकडं नेतो. बाई म्हणल्या, येड न्हवं हे, दुखणं हाय, औषध हाय ह्याला. गोळ्यांनी झोप लागती, चार घास खाती. पर बाई आणीक म्हणल्या, तिला खरं सांगा. खरं माझ्यापशी कुटं हाय? ते तुमच्यापशी.

रीत? मला रीत शिकवू नका. बाप्यांनी न्यायचं, बाईला दाखवायचं न्हाई, सांगायचं न्हाई — ठावं हाय. मीबी नेलंय. माझ्या बायकोचं, साळूचं. पहिलंच, पासष्ट साली. मीबी म्हणलं, इसर. एकतीस वरसं ती भाकरी थापता थापता मधीच थांबायची, मला वाटायचं कंबर दुखती. मरायच्या आदल्या दिवशी इचारलं तिनं — आवो, आता तरी सांगा. गेलो बघाया. तितनं कालवा गेलेला, सगळा भराव, मला जागाच घावली न्हाई. घरी येऊन खोटं बोललो. आंब्याखाली हाय म्हणलं. आंबा नव्हताच तितं कवा. तिनं नुसतं हूं केलं. — तुमी काय बघताय माझ्याकडं? हे तुमाला सांगायचं नव्हतं. खाली बघा.

तर बोला. न्हाईतर पाचाच्या गाडीनं जावा, तुमी मरेस्तवर ह्या पोराचं तोंड दिसायचं न्हाई. तिला दाखवलंत तेवढंच तुमाला दाखवीन — फडकं.

काय? मोठ्यानं. मला न्हाई, दाराकडं तोंड करून. ती दाराआड बसलीय — मघापासनं.

विहिरीच्या वरल्या बांधाला. सीताफळीखाली. बरं. खूण काय? — फुटक्या जात्याची तळी. अजून हाय? कवा बघितली? … दर अवसेला बघता? बघता, आन तिला म्हणता इसर!

लेक का ल्योक? — परत सांगा. — लेक.

रडू नका. रडाया बसवलं न्हाई मी तुमाला. उद्या सकाळी मी तिला त्या बांधावर आणीन, तुमच्यातलं कुणी आडवं यायचं न्हाई.

इंद्रे, ऐकलंस का गं? … लेक व्हती. … आण बाळाला बाहेर. तूच आण.

हं. बघा, व्याही. हात लावायचा न्हाई, नुसतं बघा. तोंडावर फडकं न्हाई.

बघितलं? हे पाणी. प्या, आन उठा.

फिटलं.